आप्पांना कानाचं मशीन कुठलं घ्यायचं?

ताई नमस्कार,
माझे वडील (आप्पा) ७१ वर्षांचे आहेत, इचलकरंजीत आई आणि दादा-वहिनींसोबत राहतात. सगळं आयुष्य पॉवरलूमच्या शेडमध्ये गेलं. गेली काही वर्षं ऐकायला कमी येतंय, टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारचे बोलून दाखवतात, पण आम्ही काही म्हटलं की म्हणणार "मला ऐकू येतंय, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता". आईचा आवाज बारीक, त्यामुळे त्या दोघांचं बोलणंच कमी झालंय. मध्ये तिथे मोफत कान तपासणी शिबिर होतं, त्यांनी हॉलमध्येच तपासून लगेच १ लाख ८५ हजारांची जोडी सांगितली, २४ चॅनल, एआय वगैरे. दादाने ५ हजार ॲडव्हान्स पण देऊन टाकला आणि आता रोज फोन येतो की ऑफर संपतेय. मग मी आप्पांना कोल्हापूरला ईएनटीकडे नेऊन नीट तपासणी करून घेतली, रिपोर्टचा फोटो पाठवतेय. दादाचा मित्र म्हणतो ऑनलाइन १५०० ला मिळतं, तेच घ्या. आप्पा म्हणतात घ्यायचंच तर दिसणार नाही असं घ्या. त्यांना शुगर आहे, बोटांना मुंग्या येतात. बजेट ताणून ७०-७५ हजार. मी पुण्यात असते, इथल्या चांगल्या दुकानातून घेऊन पाठवू का?
— इचलकरंजीची लेक

अगं, रिपोर्टचा फोटो पाठवलास हे फार बरं केलंस, नाहीतर बहुतेक पत्रांत नुसतं "कमी ऐकू येतं, कुठलं मशीन चांगलं" एवढंच असतं आणि त्यावर काय सांगणार. तर आधी रिपोर्टच वाचूया, कारण तुझ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

उजव्या कानाची रेघ बघ. हर्ट्झ म्हणजे आवाज किती जाड की बारीक, आकडा मोठा तितका बारीक. डेसिबल म्हणजे तो ऐकू यायला किती मोठा लागतो, आकडा मोठा तितका कान खराब. ५०० हर्ट्झला ३० डेसिबल, १००० ला ४०, २००० ला ५५ आणि ४००० ला एकदम ७५. मग ८००० ला परत जरा वर येऊन ६५. डावा कान जवळपास तसाच, प्रत्येक ठिकाणी ५ ने जास्त खराब. खाली कोपऱ्यात जी सरासरी लिहिलीये, उजवा ४२ आणि डावा ४७, ती ५००, १००० आणि २००० या तीनच आकड्यांची असते. तिच्याकडे बघून वाटतं की मध्यमच तर आहे, एवढं काही नाही. पण आप्पांचा खरा त्रास त्या सरासरीत आलेलाच नाहीये, तो ४००० च्या खड्ड्यात आहे. हा खड्डा आवाजात काम केलेल्या माणसाची खूण. मागाच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या वर असतो, वर्षानुवर्षं तसल्या आवाजात उभं राहिलं की आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात, त्या परत येत नाहीत, आणि पहिला मार बसतो तो याच ४००० च्या आसपास. त्यात वयाची भर पडली. हाडातून ऐकण्याची रेघ हवेतून ऐकण्याच्या रेघेला चिकटूनच चाललीये, म्हणजे मधल्या कानात किंवा पडद्यात अडथळा नाही, मळाचा प्रश्न नाही, आतल्या कानाचा आहे. यावर औषध-ऑपरेशन नाही, मशीनच. कुणी तेल, थेंब, काढा सांगितला तर कानात काहीही घालू नका.

आता गंमत अशी की आप्पा म्हणतात ना "मला ऐकू येतंय", ते खरंच बोलतायत गं! मराठीतले स्वर, अ आ ओ ऊ, आणि म, न, ब, ग वगैरे हे जाड आवाज, ते खालच्या फ्रिक्वेन्सीत, म्हणजे लहान हर्ट्झला, असतात आणि तिथे त्यांचा कान ठीक आहे. स, श, च, त, थ, फ, ख हे बारीक, हवेचे आवाज वरच्या फ्रिक्वेन्सीत असतात आणि तेच गळतात. म्हणजे कोणीतरी बोलतंय हे त्यांना बरोबर कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आई विचारते भात वाढू का, त्यांना हात, सात, भात काहीही ऐकू येऊ शकतं, मग ते अंदाजाने उत्तर देतात आणि भांडण सुरू. आईसारखे बारीक आवाज आणि नातवंडांचे आवाज सगळ्यात आधी हरवतात. मित्राचा भसाडा आवाज मात्र कट्ट्यावर छान कळतो, म्हणून घरच्यांना वाटतं की मुद्दाम करतायत. मुद्दाम नाही.

हे कळलं की १५०० वाल्या ऑनलाइन मशीनचा निकाल आपोआप लागतो. ते मशीन नसतंच, नुसता ॲम्प्लिफायर असतो, सगळे आवाज साधारण सारखेच वाढवतो. आप्पांना पंख्याची घरघर, रिक्षाचं इंजिन आधीच ऐकू येतंय, ते अजून मोठं होणार आणि "स" आहे तिथेच राहणार. शिवाय अशा कानाचं अजून एक असतं, हळू आवाज ऐकू येत नाही पण मोठा आवाज मात्र नेहमीच्या माणसाइतकाच किंवा त्याहून जास्त टोचतो. बघ, तू मोठ्याने बोललीस की ते म्हणत असतील "ओरडतेस कशाला". ऐकू येणं आणि सहन होणं यातली जागाच कमी झालेली असते. चांगलं मशीन हळू आवाज जास्त उचलतं, मोठा कमी उचलतं आणि एका मर्यादेपुढे जाऊच देत नाही, तेही प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगवेगळं. १५०० वालं कुकरची शिट्टी सरळ कानात घालेल. दुसऱ्या दिवशी ते ड्रॉवरमध्ये जाईल आणि आप्पा आयुष्यभर म्हणतील मशीन वापरून बघितलं, काही उपयोग नाही. दीड हजार गेल्याचं मला एवढं वाटत नाही, पण एकदा हे वाक्य तयार झालं की ते मोडायला फार त्रास होतो.

आता १ लाख ८५ हजार. महाग मशीन खोटं नसतं, उगाच कंपन्यांना शिव्या घालायच्या नाहीयेत. पण त्या पैशात काय मिळतं ते समजून घे. बऱ्याच मोठ्या कंपन्यांचं असं असतं की एकाच मॉडेलच्या तीन-चार लेव्हल असतात, बॉडी तीच, आतली चिपही बऱ्याचदा तीच, सॉफ्टवेअरमधून जास्त फीचर्स उघडलेले की किंमत वाढते. चॅनल म्हणजे आवाजाचे किती तुकडे करून वेगवेगळे ॲडजस्ट करता येतात ते, आणि आप्पांच्या रेघेला मोजके चॅनल व्यवस्थित पुरतात, २४ झाले म्हणून "स" तिप्पट स्पष्ट होत नाही. वरच्या लेव्हलला मुख्य फरक असतो तो गोंगाटात, म्हणजे लग्नात, हॉटेलात, मीटिंगमध्ये, चारी बाजूंनी लोक बोलत असताना. अमेरिकेत मेम्फिस युनिव्हर्सिटीत रॉबिन कॉक्स यांच्या टीमने २०१४ च्या सुमारास हेच तपासलं होतं, वयस्कर लोकांना बेसिक आणि प्रीमियम अशी दोन्ही मशीनं रोजच्या आयुष्यात वापरायला दिली, आणि दोन्हींनी फायदा झाला पण प्रीमियमने बेसिकपेक्षा बोलणं जास्त समजलं असं काही दिसलं नाही. दोन्ही नीट सेट केलेली होती, हे मात्र लक्षात ठेव.

तिथेच सगळी मेख आहे. आप्पांना आपल्या भाषेत सांग, माग कितीही भारीतला आणा, जॉबर, म्हणजे माग लावून देणारा, धड नसेल तर कापडात फॉल्ट येणारच. मशीनचा जॉबर म्हणजे ऑडिओलॉजिस्ट, कान तपासून मशीन सेट करणारा तज्ज्ञ. बऱ्याच ठिकाणी काय करतात, रिपोर्टचे आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाकतात, एक बटण दाबतात, कंपनीचं ठरलेलं सेटिंग मशीनमध्ये जातं, "ऐकू येतंय का काका?", येतंय, झालं, पैसे द्या. या पहिल्या सेटिंगमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सीला आवाज बऱ्याचदा कमीच दिलेला असतो, कारण तसं केलं की नवीन माणसाला ते मऊ वाटतं आणि तो खूश होतो. म्हणजे नेमकं जिथे आप्पांना पाहिजे तिथेच कमी. म्हणून मशीनच्या कंपनीचं नाव विचारायच्या आधी समोरच्याला हे विचार की मशीन लावल्यावर कानात बारीक नळीचा माईक घालून मोजता का, त्याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतोय ते त्यात दिसतं. छोट्या गावात ही सोय सगळीकडे नसते, कबूल. मग निदान मशीन लावून साउंड प्रूफ खोलीत परत तपासणी आणि शब्द ओळखायची टेस्ट करा म्हणावं, तीही मराठी शब्दांची. आप्पांचा शब्द ओळखायचा स्कोअर रिपोर्टमध्ये उजवा ८० टक्के आणि डावा ७२ आहे, हा आकडा मला सगळ्यात जास्त आवडला, कारण याचा अर्थ आवाज नीट पोचवला तर मेंदू शब्द ओळखतोय. ४०-४५ असता तर मी तुला आधीच सांगितलं असतं की फार अपेक्षा ठेवू नका. आणि हो, समोरचा माणूस भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे रजिस्टर्ड आहे का ते विचारायला लाजू नकोस, नंबर भिंतीवर लावलेला असतो. शिबिरात तपासणारे बऱ्याचदा सेल्सचे लोक असतात आणि हॉलच्या कलकलाटात केलेल्या तपासणीत कान आहे त्यापेक्षा खराब दिसतो.

यावरूनच तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, पुण्यातून घेऊन पाठवू नकोस. अजिबात नको. मशीन एकदा घेतलं की संपलं असं नसतं, पहिल्या दोन-तीन महिन्यांत सेटिंगसाठी चार-पाच चकरा होतात, नंतर दर काही महिन्यांनी सफाई, वर्षाने परत तपासणी. आप्पा प्रत्येक वेळी पुण्याला येणार नाहीत, तूही सारखी जाऊ शकणार नाहीस, मग मशीन शिट्टी मारतंय म्हणून पडून राहील. इचलकरंजीत चांगला ऑडिओलॉजिस्ट असेल तर उत्तम, नाहीतर कोल्हापूर, सांगली, मिरज, जिथे दादा अर्ध्या दिवसात नेऊन आणू शकेल तिथूनच घ्या. पुण्यात ५ हजार स्वस्त मिळालं तरी नको. मोबाईल ॲपवरून लांबून सेटिंग बदलता येतं हे खरं आहे, पण त्याला घरात स्मार्टफोन आणि तो हाताळणारं कोणीतरी लागतं, आणि शिट्टी का येतेय हे कानात बघितल्याशिवाय कळत नाही.

आता "दिसणार नाही असं". ही इच्छा मी हसण्यावारी नेत नाही, वयस्कर माणसाला मशीन म्हणजे लोकांसमोर म्हातारपण जाहीर केल्यासारखं वाटतं. पण पूर्ण कानाच्या आत जाणारं मशीन, ज्याला सीआयसी म्हणतात, ते आप्पांच्या कानाला आणि हाताला दोन्हीला बसत नाही. कानाला अशासाठी की त्यांचे जाड आवाज नैसर्गिकच चांगले ऐकू येतात, कान पूर्ण बंद केला की स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा घुमतो, खाताना चावल्याचा आवाज डोक्यात होतो, आणि पहिल्याच आठवड्यात ते काढून ठेवतात. हाताला अशासाठी की त्यात १० नंबरची, म्हणजे पिवळ्या स्टिकरची, सगळ्यात लहान बॅटरी असते, मसूरडाळीएवढी म्हटलं तरी चालेल, ती दर काही दिवसांनी बदलायची. शुगरमुळे बोटांना मुंग्या, त्यात ही बॅटरी, रोज खाली पडणार आणि आई गुडघे टेकून शोधणार.

त्यांच्यासाठी मी आरआयसी बघेन. कानामागे छोटा तुकडा, तिथून केसासारखी बारीक वायर आणि कानात मऊ रबरी डोम. डोमला भोकं असतात, त्यामुळे जाड आवाज आपले आपण आत येतात आणि मशीन फक्त वरचे बारीक आवाज भरून काढतं. आप्पांच्या रेघेसाठीच जणू काढलेला प्रकार. ४००० ला ७५-८० आहे म्हणून डोम पूर्ण उघडा ठेवला तर शिट्टी येऊ शकते, तेव्हा किती भोकाचा डोम, की भोक ठेवून कानाचा साचा करायचा, ते ऑडिओलॉजिस्टने लावून ठरवायचं. करड्या रंगाचं घेतलं तर पांढऱ्या केसांत कोणाला दिसतही नाही, टोपी घालत असतील तर विषयच संपला. उलट मोठा टीव्ही आणि सारखं "काय? काय?" हे मशीनपेक्षा जास्त दिसतं, पण हे तू म्हणू नकोस, त्यांच्या मित्रांपैकी कोणी मशीन लावत असेल तर त्यांच्याकडून म्हणव.

बोटांमुळे रिचार्जेबल बघा. रात्री डबीत ठेवायचं, सकाळी लावायचं, एका चार्जमध्ये दिवस आरामात जातो. बजेट थोडं वर जाईल. ते नाहीच जमलं तर कानामागचं जरा मोठं, बारीक नळीचं आणि १३ नंबरच्या नारिंगी स्टिकरच्या बॅटरीचं घ्या, ती बोटात धरता येते आणि साधारण दहा-बारा दिवस जाते. बॅटरीचं स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं तशीच ठेवायची, हवा आत गेल्यावरच ती पूर्ण चालू होते, आणि एकदा काढलेलं स्टिकर परत चिकटवून काही वाचत नाही. उजवं लाल आणि डावं निळं ही खूण दादाला आणि वहिनीला दोघांना दाखवून ठेव. वॅक्स गार्ड म्हणून एक पांढरी चिमुकली जाळी असते, "मशीन बंद पडलं" म्हणून जी मशीनं येतात त्यातल्या कितीतरींची फक्त ही जाळी मळाने भरलेली असते.

एक की दोन? दोन. दोन्ही कान जवळजवळ सारखे आहेत, एका कानाला लावलं तर आवाज कुठून आला कळत नाही, रस्त्यावर तर तेच महत्त्वाचं. तुमच्या बजेटमध्ये एक भारीतलं येईल किंवा बेसिक लेव्हलची जोडी येईल, मी डोळे झाकून जोडी सांगेन. ब्लूटूथ, ॲप, एआय यातलं आप्पा काय वापरणार ते घरी बसून प्रामाणिकपणे ठरवा. साधा बटणांचा फोन असेल तर ब्लूटूथचे पैसे कशाला? टीव्हीचा प्रश्न मशीनने बराच सुटतो, नाही सुटला तर टीव्हीसाठी वेगळा वायरलेस हेडफोन घ्या, स्वस्तात होतं.

सरकारी मदतीबद्दल तू विचारलं नाहीस पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या वरच्या, वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या ज्येष्ठांना एकदा ३ हजार रुपये मिळतात, त्यात चांगली जोडी येत नाही पण बॅटऱ्यांचा खर्च निघतो. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत आणि दिव्यांगांसाठीच्या एडीप योजनेत शिबिरांतून थेट मशीनच देतात, साधी असतात, पण नसण्यापेक्षा खूप चांगली. मुंबईच्या आसपासच्यांनी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत जावं, तपासणी आणि सेटिंग दोन्ही तिथे नीट होतं, फक्त वेळ काढून जा.

ट्रायल मागाच, आणि दुकानात पाच मिनिटं नाही, घरी काही दिवस. डिपॉझिट ठेवून बरेच जण देतात. ऑडिओलॉजिस्टकडे जाताना आईला घेऊन जा, हे माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं. ऑडिओलॉजिस्टचा आवाज ऐकू येणं सोपं असतं, तो समोर बसून स्वच्छ बोलतो. आईला सहा-सात फुटांवर बसव, तिच्या नेहमीच्या आवाजात चार वाक्यं बोलायला लाव, तिचं तोंड दिसणार नाही असं. ते कळलं तर सेटिंग बरोबर. जायच्या आधी आप्पांना विचारून चार गोष्टी लिहून ने, कुठे ऐकू यावंसं वाटतं, आईचं बोलणं, देवळातला हरिपाठ, फोनवर तू, नातू, जे असेल ते, आणि महिन्याने त्याच चार गोष्टी परत विचार.

पहिले काही दिवस कटकट होणार, तयारी ठेवा. पिशवीचा कागद, नळाचं पाणी, स्टीलची भांडी, स्वतःच्या चपला, सगळं टोचतं, कारण मेंदूला वर्षानुवर्षं हे आवाज मिळालेलेच नाहीत. सुरुवात घरातच, शांत खोलीत, दिवसाला दोन-तीन तास, मग वाढवत न्या. पहिल्याच दिवशी लग्नाला लावून नेऊ नका, बरेच जण नेमकं तेच करतात. महिना-दीड महिना दिल्याशिवाय निकाल लावायचा नाही. आणि घरच्यांनीही स्वयंपाकघरातून हाका मारणं बंद करायचं, आधी नाव घ्यायचं, समोर यायचं, मग बोलायचं, ओरडायचं नाही. त्यांना कळलं नाही तर "जाऊ दे, काही नाही" असं तर कधीच म्हणू नका, माणूस त्या वाक्याने गप्प होत जातो. तेच वेगळ्या शब्दांत परत सांगायचं.

एक धोक्याची गोष्ट, कधी एका कानाचं ऐकणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं, किंवा कानातून पाणी-पू आला, चक्कर आली, तर मशीनवाल्याकडे नाही, त्याच दिवशी ईएनटीकडे. अचानक गेलेल्यावर उपचार असतात पण ते लगेच सुरू व्हावे लागतात.

पक्कं करताना बिलावर मॉडेलचं नाव, दोन्ही मशीनचे सीरियल नंबर, वॉरंटी किती वर्षं आणि फुकट सेटिंग किती दिवस हे लिहून घे, तोंडी काही नको. ऑफर संपतेय म्हणणाऱ्याला म्हण संपू दे, ती पुढच्या महिन्यात परत येते. दादाने दिलेल्या ५ हजारांची पावती शोधा, त्यांना मेसेजवर लेखी कळवा की मशीन घेत नाही आणि पैसे परत करा. आठवड्यात उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा, पावतीचा फोटो आणि तो मेसेज हाताशी ठेवून.